आलीच, बसा

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन या कागदावर टेकली असं समजावं.) तुमच्या डोळ्यांची जळजळ कमी झाली का? ताईची पाठ कशी आहे? लेकीच्या घरच्या जिन्याला कठडा बसला का, की जावईबापू अजून ‘बघू’ म्हणतायत? इकडे सर्व ठीक. पत्रात ‘इकडे सर्व ठीक’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यावर फार विश्वास ठेवू नका.

आधी एक छोटा हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. नव्या बसथांब्याचं बिल माझ्यासमोर टेबलावर आहे. त्यात काच आहे, लोखंड आहे, एक मोठा स्क्रीन आहे, त्या स्क्रीनला आभाळातून बातमी आणून देणारी पेटी आहे, बसवणावळ आहे. निम्मं परिवहन कचेरीनं दिलं, निम्मं मी दिलं, आणि ते मला जड गेलं नाही. बिलात जे नाही ते असं: एक घड्याळदुरुस्तीची टपरी, त्या टपरीतला माणूस, त्या माणसाची बायको, जी माझी सख्खी थोरली बहीण आहे आणि सध्या माझ्याशी बोलत नाही, गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडे व्हायचं ते माझं जेवण, आणि सात नंबरच्या गाडीचे निम्मे प्रवासी. एवढं सगळं देऊन मला काय मिळालं, तर गाडी किती मिनिटांनी येणार ते कळायला लागलं. गाडी माझीच आहे, दाजी. ती कधी येणार हे कोणी मलाच विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मेसेज पाठवला असता, पण तुमच्या फोनवर आकडे आणि बॅटरी यांखेरीज काही नाही. ताईला फोन केला की ती उचलते, ‘हं’ म्हणते आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून भाजी चिरायला लागते. मीही ठेवत नाही. मी ऐकत बसतो. (कंपनीचा मालक ऑफिसचं दार लावून बहिणीची भाजी ऐकतो, हे आमच्या हिशेबनिसाला कळलं तर तो राजीनामा देईल.) कुकरची शिटी ऐकली. नळ ठिबकतोय ते ऐकलं. त्याचा वायसर गेलाय, जावईबापूंना सांगा. आणि मागून टिकटिक ऐकली. एका घड्याळाची नव्हे, सहा-सात घड्याळांची, आणि त्यातलं एक लंगडत होतं. म्हणजे तुम्ही लेकीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला घड्याळं टांगलीत. ते ऐकून मला आधी बरं वाटलं, की हाताला काम आहे. मग कळलं. माणूस पाहुणा गेला की पिशवी टांगतो. घड्याळं टांगली म्हणजे मुक्काम वाढला.

माझ्या कानांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोरवयात मी गाड्या धुवायला लागलो तेव्हा माझा धुतला शर्ट तुमच्या टपरीच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि मी गाडीखाली पडून वरच्यांचं बोलणं ऐकायचो. कोणती गाडी विकायची आहे, कोणत्या ड्रायव्हरला मालकाचा कंटाळा आलाय, कोणत्या रस्त्यावर प्रवासी ताटकळतात आणि गाडी नाही, हे सगळं मी पाठीवर पडून शिकलो. पहिली जुनी गाडी घेतली ती तिच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून. त्याच दिवशी तुम्ही मला ‘मालक’ म्हणायला सुरुवात केलीत. तेव्हा त्यात थट्टा होती. नंतर थट्टा कमी होत गेली, ते मला कळलं नाही. कान तिखट असले म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही, हे तुम्हीच सांगायला हवं होतं.

तर हे सगळं सुरू झालं कानांमुळेच. गेल्या वर्षी मी टोपी खाली ओढून, मफलर गुंडाळून आपल्याच गाड्यांतून आणि थांब्यांवरून फिरलो. (आमच्या सौ.ना वाटलं, मला काहीतरी झालंय. त्यांनी तीन दिवस माझ्या मागावर भावाला पाठवलं. तो दुसऱ्याच दिवशी माझ्या शेजारी बसून मलाच विचारत होता, इथे एक जाडसर गृहस्थ येतात का.) जिथे जाईन तिथे एकच ऐकू आलं: कधी येणार ही गाडी, केव्हापासून उभे आहोत, या मालकाला काही लाज. लाजेपर्यंत ऐकलं आणि ठरवलं की बास, आता प्रत्येक गाडीत ती कुठे आहे ते कळवणारी पेटी बसवायची, प्रत्येक प्रवाशाच्या फोनवर गाडी टिपक्यासारखी दिसली पाहिजे, आणि थांब्यावर पडदा हवा, ज्यावर मिनिटं लिहिलेली असतील. खरी मिनिटं. परिवहन कचेरीची तशी योजना होतीच. त्यांनी एक डिझाइन करणारी बाई पाठवली. वयानं आपल्या लेकीएवढी, पायात कॅनव्हासचे बूट, मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायची. तिनं महिनाभर आपल्याच थांब्यावर बसून लोकांना प्रश्न विचारले, कागदाचे रंगीत चौकोन भिंतीला चिकटवले, आणि शेवटी मला सांगितलं की लोक उशिरावर तेवढे चिडलेले नाहीत. आपल्याला कोणी विसरलं तर नाही ना, याची त्यांना धास्ती आहे. मी हसलो. म्हटलं, बाई, तुमच्याकडे चौकोन आहेत, माझ्याकडे कान आहेत.

टिपक्यांचे हाल वेगळे सांगण्यासारखे आहेत, पण थोडक्यात सांगतो. सात नंबरचा ड्रायव्हर (मिशीवाला, तुमच्याकडून गजराचं घड्याळ नेणारा) वाटेत आईच्या हातचा चहा प्यायला थांबायचा. आता टिपका थांबलेला दिसायला लागला, तेव्हा त्यानं गाडीतली पेटी काढून मागून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली. चार दिवस साऱ्या शहराला फोनवर दोन टिपके हातात हात घालून फिरताना दिसत होते आणि प्रत्यक्षात एकच गाडी येत होती. मी त्याला बोलावून झापला. तो म्हणाला, मालक, आईला टिपका पाजता येत नाही. मी चहाची वेळच वेळापत्रकात घातली. योजनेतली ही एकच सुधारणा आजवर बिनतक्रार चालू आहे.

आता त्या उद्घाटनाचं. तुम्ही तिथे होतात, पण तुम्ही टपरीत पाठमोरे बसला होतात, म्हणून मला कसं दिसलं ते सांगतो. पडदा चमकत होता. त्यावर लिहिलं होतं, स्टेशनची गाडी, एकोणीस मिनिटं. परिवहन कचेरीतले मोठे साहेब प्रवाशांच्या हाती माहिती देण्यावर छान बोलले. फीत कापली. टाळ्या झाल्या. मग साहेब, त्यांच्या ड्रायव्हरला गाडी आणायला वेळ लागला म्हणून, इकडेतिकडे बघत उभे राहिले, आणि सवयीनं म्हणा, विस्मरणानं म्हणा (ते कारकून असताना याच थांब्यावरून जायचे हे मला नंतर कळलं), सरळ तुमच्या टपरीकडे वळून त्यांनी विचारलं, ‘काका, स्टेशनची गाडी कधी?’ पडदा त्यांच्या डोक्यावर दीड हातावर होता. तुम्ही डोळ्याचं भिंग काढलंत, रस्त्याकडे बघितलंसुद्धा नाहीत आणि म्हणालात, ‘आलीच, बसा.’ आणि साहेब बसले, दाजी. स्टुलावर. मनगटावरचं घड्याळ काढून पट्ट्याची पिन सैल झालीय म्हणून तुमच्या हातात दिलं, आणि ज्यांच्यासाठी लोखंडाचा बाक ओतून घेतला ती सगळी माणसं तुमच्या टपरीभोवती गोळा होऊन हसायला लागली. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेब स्टुलावर, तुम्ही पिन ठोकताय, आणि माझा पडदा मागे अर्धा कापलेला. त्यावर नुसतंच दिसत होतं: ‘णीस मिनिटं’.

तुमची घड्याळं मला लहानपणापासून माहीत आहेत. टपरीत चाळीस टांगलेली आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळायची नाही. त्या चाळिसांखाली बसून तुम्ही गेली तीस वर्षं प्रत्येकाला ‘आलीच’ सांगितलंत, आणि गाडी एकदाही ‘आलीच’ नव्हती. तुमच्याइतकं सातत्यानं चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मी, ज्यानं आभाळातून मिनिटं उतरवून आणली, त्याच्याकडे कोणी वळून बघेना. नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दुसऱ्या दिवशी आलो आणि तुम्हाला म्हणालो की दाजी, माझा नाइलाज आहे, नव्या नकाशात टपरी नाही. प्रवाशांना यायला-जायला मोकळी वाट लागते. वर्कशॉपच्या फाटकाशेजारी तुम्हाला जागा करून देतो, तात्पुरती. तुम्ही वाद घातला नाहीत. भिंग शर्टाच्या खिशात टाकलंत. घड्याळं एकेक करून उतरवलीत, प्रत्येकाच्या काचेवरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, ‘मालक, स्टूल ठेवू की नेऊ?’ मी फोनमध्ये टिपके बघत होतो. म्हणालो, काय ते करा. तुम्ही ठेवून गेलात. वर्कशॉपच्या फाटकाशी तुम्ही काही आला नाहीत, ते बरंच केलंत, तिथे दिवसभर पत्रा कापतात. त्या आठवड्याच्या शेवटी तुमच्या घराला कुलूप दिसलं. शेजारणीनं सांगितलं, लेकीकडे गेले, बराच काळ राहतील म्हणाले. मी म्हटलं, हवापालट. शेजारणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच तिच्या नातवाच्या परीक्षेची चौकशी केली. तिला नातू नाही.

पुढचे दोन महिने माझ्या वैभवाचे. परिवहनवाल्यांची परिषद होती, तिथे मला भाषणाला बोलावलं. कोट शिवून घेतला. तिथे मी जे वाक्य टाकलं ते नंतर तीन जणांनी लिहून घेतलं: ‘आमच्या शहरात आता बसची वाट पाहणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही.’ सभागृह दणाणलं. घरी येऊन आरशासमोर आणखी एकदा म्हणून बघितलं. सौ. म्हणाल्या, ते खरंय, आज थांब्यावरून आले, कोणीच नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. कोणीच नव्हतं. दाजी, वाट बघायला माणूस तयार असतो; तेवीस मिनिटं वाट बघायला कोणी तयार नसतो. पूर्वी बाई यायची, तुम्ही ‘आलीच’ म्हणायचात, ती टेकायची, पिशवी पायाशी घ्यायची, शेजारणीला सुनेचं सांगायला लागायची, आणि सुनेचं संपायच्या आत गाडी यायची. आता ती येते, वर बघते, तेवीस वाचते, मनात गणित करते आणि कोपऱ्यावरच्या शेअर गाडीत जाऊन बसते, दाटीवाटीनं, दुप्पट पैसे देऊन. जे फोनवर टिपका बघून घरून निघतात ते नेमके त्याच मिनिटाला येतात, चढतात, जातात. कोणाला कोणी भेटत नाही. तुमचे ते दोघे, निवृत्त मास्तर आणि निवृत्त पोस्टमन, जे रोज सकाळी माझ्या नावानं बोटं मोडायला थांब्यावर यायचे (आणि बोटं मोडून झाली नाहीत म्हणून आलेली गाडी सोडून द्यायचे, हे मी स्वतः मफलरातून पाहिलंय), त्यांचं आता काय झालंय माहीत आहे? मास्तर पुढच्या दारानं चढतात, पोस्टमन मागच्या. दोघांच्याही हातात फोन. परवा मास्तरांनी मला थांबवून विचारलं, पोस्टमन आजारी आहे का हो, दिसत नाही. मी म्हटलं, तुमच्याच गाडीत असतात, चार बाकं मागे. ते म्हणाले, असं होय, आणि फोनमध्ये बघत राहिले. मला वाटलं, त्यांनी निदान माझ्या गाडीला एक शिवी द्यावी. दिली नाही. वेळेवर असलेल्या गाडीला काय शिव्या देणार.

मी काही हातावर हात धरून बसलो नाही. माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, दाजींच्या ‘आलीच’मध्ये जादू आहे ना, मग मिनिटं काढा आणि पडद्यावर तेच लिहा. डिझाइनवाली बाई नको म्हणाली. मी पेटीवाल्या इंजिनियरला गाठून परस्पर करून घेतलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘आलीच, बसा’. पहिल्या दिवशी लोक बसले. गाडीला उशीर झाला, तसे उठले. एका शांत, चांगल्या घरातल्या वाटणाऱ्या आजोबांनी छत्रीच्या टोकानं पडद्याला ढोसलं आणि कचेरीत लेखी तक्रार दिली की कंपनी प्रवाशांची धडधडीत फसवणूक करते. तीस वर्षं तुम्ही त्याच आजोबांना तेच सांगत होतात आणि ते तुम्हाला घरच्या झाडाचे पेरू आणून द्यायचे. मी त्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘ते म्हणत होते. हे छापलंय.’

मग मला वाटलं, आवाज हवा. हीच चूक, लेखी ‘आलीच’ कोरडं वाटतं. आवाजाची पारख माझ्याइतकी कोणाला? भाड्याच्या आवाजवाल्या मुलीनं म्हटलं ते फार गोड होतं, गाडी नव्हे, आईस्क्रीम येतंय असं वाटत होतं. म्हणून मी स्वतः म्हटलं. तुमची ढब आणली, मधला तो खाकरा आणला, भिंग काढल्यासारखा क्षणभर थांबलोसुद्धा. कोणी जवळ आलं की थांब्यावर लावलेल्या बोलक्या पेटीनं आपोआप बोलायचं अशी सोय केली. पेटीला कोण कशाला आलंय ते कळत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कुत्रं आलं, आलीच, बसा. वाऱ्यानं कागद उडाला, आलीच, बसा. झाडूवाल्या मावशी रोज सकाळी तिथे झाडतात. झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्याला माझा आवाज त्यांना बसायला सांगायचा. दोन दिवस त्यांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी पेटीसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, तू ये खाली, तू झाड, मी बसते. समोरच्या दातांच्या डॉक्टरनं कळवलं की पेशंट तोंड उघडून बसलेला असतो आणि खिडकीतून ‘आलीच’ ऐकू आलं की त्याला वाटतं, सुई आलीच. आणि एक नवराबायको. पडदा पुन्हा मिनिटं दाखवायला लागला होता, तिथे सोळा लिहिलेलं आणि पेटी म्हणतेय आलीच. नवऱ्याचा पडद्यावर विश्वास, बायकोचा पेटीवर. त्यांचं तिथेच इतकं जुंपलं की तो चालत गेला आणि ती शेअर गाडीनं. गाडी आली तेव्हा थांब्यावर मी एकटा, आणि माझाच आवाज मला सांगत होता, बसा.

मी पेटी बंद करायला लावली. त्यानंतर थांब्यावर जी शांतता झाली तिच्यात, तुम्हाला खोटं वाटेल, मला टिकटिक ऐकू यायची. तिथे एकही घड्याळ नाही. मी दोनदा पडद्यामागे जाऊन बघितलं.

तर असं आहे सगळं. मी तुम्हाला परत बोलवायला लिहीत नाहीये, गैरसमज नको. तुम्हाला तिथे करमत असेल तर चांगलंच आहे. आणि टपरीचं म्हणाल तर त्यात माझा काय दोष. नकाशातच नव्हती, डिझाइनवाल्या बाईंचं ते काम. मी आपला दिलेल्या नकाशाप्रमाणे चाललो. तुम्हाला इकडची बातमी असावी, एवढाच हेतू. कळवायचं होतं ते कळवलं. लोभ मागायला सध्या तोंड नाही, म्हणून मागत नाही. ताईला नमस्कार सांगा, तिनं घेतला तर.

तुमचा धाकटा मेहुणा,
(ज्याला तुम्ही मालक म्हणता तो)

ता. क. माझं मनगटावरचं घड्याळ बंद पडलंय. पहिली गाडी घेतली तेव्हा तुम्ही बसवून दिलेलं, मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलेलं. मोठ्या दुकानात दाखवलं. तो पोऱ्या म्हणाला, टाकून द्या, फोन आहे ना. त्याला हे उघडणारसुद्धा नाही. येताना तुमचा बारीक पेचकस विसरू नका. (‘येताना’ चुकून लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद खराब दिसतो.)

आणखी एक ता. क. वर नकाशाबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचलं. ते तसं नाही. परवा मी डिझाइनवाल्या बाईकडे गेलो आणि कबूल केलं की थांबा रिकामा पडलाय, आता काहीतरी नवीन सुचवा. तिनं नवीन काही सुचवलं नाही. पहिला नकाशा उलगडून समोर ठेवला. पडदा, बाक, दिवा आणि पडद्याला लागून टपरी. आत भिंग लावलेला माणूस काढला होता, बाहेर स्टूल, आणि बाणानं लिहिलं होतं, ‘इथे विचारा’. ती म्हणाली, ‘काका, मी टपरी काढली होती. तुम्ही खोडलीत.’ माझीच लाल रेघ होती, दाजी. पेपरातला फोटो आला त्या सकाळी मारलेली. तेव्हा टपरी नकाशात होती. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमच्यासारखं नव्हे, तुम्ही बोलायचात त्यानं माणूस बसायचा, मी बोललो त्यानं उठून गेलात. आता तोच नकाशा लावायचा ठरलाय. पडदा राहील, मिनिटं खरी राहतील, ज्याला बघायची त्यानं बघावी. टपरी पुन्हा उभी केली आहे, तुमचीच, वर्कशॉपमध्ये झाकून ठेवली होती. आत दिव्याची आणि पंख्याची वेगळी सोय केली. खिळा होता तिथेच आहे. चाळीस घड्याळांना जागा आहे. लेकीच्या स्वयंपाकघरात एवढी भिंत कुठली.

ताईसाठी वेगळी ता. क. ताई, हे दाजींनी तुला वाचून दाखवलं नाही तर तू स्वतः वाच. तू फोन ओट्यावर ठेवतेस तो ठेव, पण जरा नळापासून लांब ठेव, तुझ्या बांगड्या नीट ऐकू येत नाहीत. गुरुवारी मी कुठेच जेवत नाही. सौ. समजतात की मी उपास करतो.

शेवटची. पत्र पाकिटात घालायच्या आधी हे राहिलं. काल थांब्यावर एक बाई आल्या, हातात औषधांची पिशवी. पडद्यावर स्टेशनची गाडी, एकवीस मिनिटं, अगदी समोर. त्या वर न बघताच मला म्हणाल्या, दादा, स्टेशनची गाडी कधी? माझ्या खिशात शहरातले सगळे टिपके होते. मी म्हटलं, ‘आलीच, बसा.’ त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि मला त्यांच्या जावयाचं सांगितलं. जावई तसा बरा आहे, जिन्याला कठडा बसवत नाही एवढंच. त्या बाकावर बसल्या होत्या, कारण स्टुलावर मी होतो. लेकीच्या शहराहून येणारी गाडी दुपारी याच थांब्यावर माणसं उतरवते, आणि ती येईपर्यंत मी रोज तिथे वाट बघत बसतो.